आधी तुटलं की आपटून तुटलं?

प्रश्न : माझी भाची छोट्या विमानावर उड्डाण शिकते आहे. अशा विमानांच्या अपघाताच्या बातमीत ‘यांत्रिक बिघाड’ एवढंच असतं. विमानाचा चक्काचूर झाल्यावर नेमका कोणता भाग आधी निकामी झाला, हे कसं कळतं? लहान विमानात ब्लॅक बॉक्सही नसतो ना? आणि अहवालात दोषी कोण हे का लिहीत नाहीत?
– एक वाचक

उत्तर : बहुतेक लहान विमानांत ब्लॅक बॉक्स नसतो, हे खरं. जीपीएस, टॅब्लेट किंवा इंजिन मॉनिटरमध्ये काही नोंदी मिळतात. पण विमानांच्या देखभालीत आयुष्य काढलेल्या मला विचाराल, तर तुटलेल्या धातूइतका भरवशाचा साक्षीदार नाही.

आधी प्रोपेलर बघायचा. आदळताना इंजिन जोरात चालू असेल, तर पाती पिळवटतात, कडांना खाचा पडतात, पात्यावर आडवे ओरखडे उठतात. प्रोपेलर फिरत नसेल, तर बहुधा एखादंच पातं मागे वाकतं आणि दुसरं जवळजवळ धड राहतं. शोध इंजिनकडे वळवायचा का, ते इथे बऱ्यापैकी कळतं.

मग प्रत्येक तुटकी कड. एका धक्क्यात तुटलेला धातू खडबडीत, दाणेदार दिसतो. थकव्याचा, म्हणजे फटीगचा तडा मात्र हळूहळू वाढलेला असतो. ओहोटीचं पाणी वाळूवर कमानी सोडत जातं तशा रेषा त्याच्या पृष्ठभागावर उमटतात. कित्येकदा त्या नुसत्या डोळ्यांनीही दिसतात, आणि तडा कुठून सुरू झाला तेही दाखवतात. म्हणूनच कळकळीनं सांगते, तुटलेली टोकं ‘जुळतात का’ बघायला कुणीही एकमेकांना भिडवू नयेत. घासली की खुणा गेल्या.

नट नसलेला बोल्ट सापडला, तर त्याचे आटे बघायचे. ते ओरबाडलेले असतील, तर नट जोरानं उपटला गेला. आटे शाबूत असतील, तर तो आधीच सुटला असावा, आणि मग नट सुटू नये म्हणून घालतात ती स्प्लिट पिन बसवली होती का, हा प्रश्न येतो. सर्वांत छळतो तो कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, साचून इंजिन बंद पाडणारा बर्फ. तो वितळून जातो, मागे काहीच उरत नाही. त्या वेळचं तापमान आणि हवेतला दमटपणा यांवरूनच अंदाज बांधावा लागतो.

एप्रिल २०१८ मध्ये अमेरिकेत डेटोना बीचजवळ प्रशिक्षणाच्या पायपर पीए-२८ विमानाचा डावा पंख हवेतच निखळला. दोघेही गेले. पंखाच्या मुख्य तुळईत बोल्टच्या भोकापाशी फटीगचा तडा होता. तपासकांनी तशाच दुसऱ्या एका विमानाचे पंख तपासले, तर तिथेही तडा! पुढे या जातीच्या बऱ्याच विमानांत ही भोकं एडी करंटनं, म्हणजे धातूतले न दिसणारे तडे विजेच्या प्रवाहानं शोधण्याच्या पद्धतीनं, तपासण्याचा आदेश निघाला. भाग का तुटला आणि तो आणखी कुठे तुटायच्या बेतात आहे, हे कळेपर्यंत माझ्या मते तपास अर्धवटच.

दोषीबद्दल : शिकागो करार, म्हणजे नागरी विमान वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय करार, त्याच्या परिशिष्ट १३ नुसार अशा तपासाचा हेतू पुढचे अपघात टाळणं हाच असतो, दोष ठरवणं नाही. मला हे मनापासून पटतं. ‘काम करताना मध्येच मला दुसरीकडे बोलावलं’ हे मेकॅनिक निर्धास्त असेल तरच सांगतो.

भाचीला सांगा, इंजिन क्षणभर अडखळून पुन्हा नीट चाललं, तरी उतरल्यावर नोंदवहीत लिहायचं. मॅग्नेटोमधला, म्हणजे इंजिनातल्या ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागातला, दोष सुरुवातीला असाच दिसू शकतो. लिहिलेलं नसेल, तर मेकॅनिक तिकडे बघेलच असं नाही.