२६ कामगार, ४ पॉलिसी आणि न भरलेला भविष्य निर्वाह निधी

कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका मशीन शॉपच्या मालकांचे पत्र आले आहे. परिसरातील फाउंड्रींकडून (धातूचे ओतकाम करणाऱ्या कारखान्यांकडून) येणाऱ्या कास्टिंगचे मशिनिंग ते जॉबवर्कवर करून देतात. त्यांच्याकडे २६ माणसे आहेत. त्यांपैकी १६ त्यांच्या फर्मच्या हजेरीपटावर आहेत, तर १० जण त्याच शेडमध्ये पत्नीच्या नावाने काढलेल्या दुसऱ्या फर्मच्या पटावर आहेत. ही फर्म दोन वर्षांपूर्वी दुसरे व्हीएमसी (संगणकनियंत्रित मिलिंग) मशीन घेतले तेव्हा निघाली. पगार साडेबारा ते अठरा हजार, सरासरी पंधरा हजार. गेल्या वर्षभरात तीन चांगले ऑपरेटर कागलच्या पंचतारांकित वसाहतीतील मोठ्या कारखान्यांत निघून गेले. उरलेले टिकावेत म्हणून एका विमा प्रतिनिधीने जुन्या १६ जणांसाठी बचत आणि विमा एकत्र असलेली पॉलिसी सुचवली आहे. प्रत्येकी वर्षाला २४,००० रुपये हप्ता, साडेतीन लाखांचे विमाछत्र आणि १५ वर्षांनी अंदाजे ५ लाख ६० हजार रुपये, असे तिचे स्वरूप आहे. चार पॉलिसींची कागदपत्रे पंधरवड्यापूर्वी हाती आली आहेत. उरलेल्या १२ जणांची मुदत १५ वर्षे ठेवावी की २० वर्षे, एवढेच त्यांनी विचारले आहे. पत्राच्या शेवटी एक वाक्य आहे: "पीएफ आम्ही लावलेला नाही, कामगारांनाच तो नको आहे, तसे त्यांनी सहीनिशी लिहून दिले आहे."

आपल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. १५ वर्षेही नको आणि २० वर्षेही नको. निघालेल्या चार पॉलिसी परत करा. पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत ती नाकारण्याचा हक्क ग्राहकाला असतो, आणि किरकोळ वजावट होऊन हप्ता परत मिळतो. आपले निम्मे दिवस संपले आहेत. प्रतिनिधीला फोन करून चर्चेत आठवडा घालवू नका. संबंधित कामगारांच्या सह्या घेऊन लेखी अर्ज थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या.

कारण साध्या हिशेबात आहे. वर्षाला २४,००० प्रमाणे १५ वर्षांत ३ लाख ६० हजार भरायचे आणि ५ लाख ६० हजार घ्यायचे, म्हणजे परतावा साडेपाच टक्क्यांच्या आत. तोही हा अंदाज खरा ठरला तर. तेवढीच रक्कम सव्वाआठ टक्क्यांनी वाढली असती तर ७ लाखांच्या वर गेली असती. आपल्याकडून दरवर्षी चार-पाच माणसे जातात असे आपणच लिहिता. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी जो जाईल त्याची पॉलिसी मध्येच मोडावी लागेल आणि भरलेल्या पैशांतला मोठा भाग बुडेल. ज्या धंद्यात माणूस टिकत नाही म्हणून आपण चिंतेत आहात, त्याच धंद्यात १५ वर्षे टिकणाऱ्या माणसालाच फायद्याची ठरणारी वस्तू विकणाऱ्याने आपले पत्र नीट वाचले असते, तर ही योजना सुचवलीच नसती. याचा मला मनापासून राग येतो.

आता जे आपण विचारले नाही त्याकडे वळतो, कारण आपल्या धंद्याला खरा धोका तिथे आहे.

वीस किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या कारखान्याला भविष्य निर्वाह निधी, म्हणजे पीएफ, लागू होतो. १९५२ च्या कायद्यात ही मर्यादा होती आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तशीच आहे. कामगाराने 'नको' असे लिहून दिले म्हणून मालकाची जबाबदारी संपत नाही. असा हक्क कामगाराला सोडताच येत नाही, त्यामुळे आपल्या फायलीतल्या त्या सह्यांना काहीही किंमत नाही. उलट चौकशीच्या वेळी त्याच कागदावरून असे दिसेल की कायदा आपल्याला ठाऊक होता. रुजू होताना ज्याचे वेतन १५,००० च्या वर होते आणि जो आधी कुठेही निधीचा सभासद नव्हता, तेवढाच कामगार सक्तीच्या बाहेर राहू शकतो. आपल्याकडे रुजू होताना फारसे कोणी त्या पगारावर आले असेल असे वाटत नाही.

दोन फर्मची वाटणी आपल्याला वाचवील हा समजही सोडून द्या. शेड एक, वीजजोडणी एक, माल एकाच दारातून येतो-जातो आणि सकाळी लेथवर असलेला हेल्पर दुपारी दुसऱ्या फर्मच्या व्हीएमसीवर उभा राहतो, अशा वेळी कागदावरच्या दोन नावांना तपासणी अधिकारी एकच आस्थापना मानतो. क्षणभर दोन फर्म वेगळ्या धरल्या तरी कर्मचारी राज्य विमा, म्हणजे ईएसआय, आणि ग्रॅच्युइटी (नोकरी सोडताना सेवेच्या वर्षांनुसार मिळणारी रक्कम) दहा माणसांपासून लागू होतात. आपल्या एका फर्ममध्ये १६ आणि दुसऱ्या फर्ममध्ये १० माणसे आहेत. म्हणजे वाटणी करूनही या दोन्ही जबाबदाऱ्या दोन्ही फर्मवर स्वतंत्रपणे उभ्याच आहेत.

थकबाकी किती झाली ते पाहू. १५,००० वेतनावर मालकाचे १२ टक्के, कामगाराचे १२ टक्के आणि ठेवसंलग्न विमा (निधीच्या सभासदाचा जीवन विमा) व प्रशासकीय खर्च मिळून १ टक्का, असे २५ टक्के, म्हणजे दरमहा ३,७५० रुपये. २६ माणसांचे महिन्याला साडेसत्त्याण्णव हजार. दोन वर्षांचे २३ लाख ४० हजार. मागच्या काळातील कामगाराचा हिस्सा आता त्याच्या पगारातून कापता येत नाही. तोही आपल्याच खिशातून जातो. त्यावर १२ टक्क्यांचे व्याज धरले तर आकडा २६ लाखांच्या पुढे जातो, आणि दंड वेगळा. ईएसआयची थकबाकी याहून लहान असेल. पण ती दोन वर्षांपुरतीही थांबत नाही, कारण दहाहून अधिक माणसे आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून आहेत. आपला वर्षाचा नफा आपण २२ लाख लिहिला आहे. नोकरी सोडून गेलेल्या तिघांपैकी एकाने तक्रारीचा एक अर्ज दिला, तरी एका वर्षाचा सगळा नफा त्यात जाईल.

अपघाताचा हिशेबही जड आहे. ईएसआयचे संरक्षण नसलेला ३० वर्षांचा, १५,००० पगाराचा कामगार कामावर दगावला, तर कामगार नुकसानभरपाईच्या सूत्राने निम्मे वेतन, म्हणजे ७,५००, गुणिले वयानुसार ठरलेला २०७.९८ हा गुणक, असे साडेपंधरा लाखांहून अधिक मालकाला द्यावे लागतात. साडेतीन लाखांची पॉलिसी त्यात वजा होत नाही. ईएसआयची नोंद असती, तर त्याच कुटुंबाला वेतनाच्या सुमारे ९० टक्के इतके मासिक निवृत्तिवेतन ईएसआय महामंडळाकडून मिळाले असते. घरून कामावर येताना-जाताना महामार्गावर झालेला अपघातही त्यात काही अटींवर धरला जातो. हातकणंगल्याहून किंवा पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांतून मोटारसायकलवर शिफ्टला येणाऱ्या आपल्या माणसांसाठी ही तरतूद किती मोलाची आहे, हे शिरोलीच्या फाट्यावर रात्रपाळी सुटताना उभे राहिलेल्या कोणालाही समजेल. शिवाय आई-वडील, पत्नी, मुले यांचे उपचार, आजारपणात ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन आणि स्त्री कामगार असल्यास २६ आठवड्यांची प्रसूती रजा. या सगळ्यासाठी मालकाचे ३.२५ टक्के, म्हणजे १५,००० वर ४८८ रुपये, आणि कामगाराचे पाऊण टक्का, म्हणजे ११३ रुपये. वेतन २१,००० पर्यंत असलेल्या प्रत्येकाला हे लागू आहे, म्हणजे आपल्याकडे सर्वांनाच.

आपण प्रत्येक पॉलिसीवर वर्षाला २४,००० खर्च करायला निघाला होता. भविष्य निर्वाह निधीत मालकाचा एकूण खर्च १३ टक्के, म्हणजे दरमहा १,९५० आणि वर्षाला २३,४०० रुपये आहे. जवळजवळ तीच रक्कम. त्यातून काय मिळते ते पाहा. १,२५० रुपये निवृत्तिवेतन योजनेत जातात आणि ५५० रुपये कामगाराच्या निधीत. त्यात कामगाराचे १,८०० मिळून दरमहा २,३५० जमा होतात. पगार मुळीच वाढला नाही आणि व्याजदर सध्याच्या सव्वाआठ टक्क्यांवर राहिला असे धरले, तरी १५ वर्षांनी खात्यात ८ लाखांच्या आसपास असतात. यातला मोठा भाग कामगाराच्याच बचतीचा आहे हे खरे, पण ती बचत त्याच्या हातून आज होत नाही. वयाच्या ५८ व्या वर्षी, १५ वर्षांच्या सेवेवर, दरमहा सुमारे ३,२०० रुपये निवृत्तिवेतन. ही रक्कम लहान आहे आणि मी ती मोठी करून सांगणार नाही. सेवेत असताना मृत्यू आला, तर ठेवसंलग्न विम्यातून १५,००० वेतनावर सव्वापाच लाख आणि निधीतील शिलकीनुसार आणखी पावणेदोन लाखांपर्यंत, असे कमाल ७ लाख. त्याचा मालकाला खर्च महिन्याला ७५ रुपये. पॉलिसीतले छत्र साडेतीन लाखांचे होते. कामगार नोकरी सोडून गेला तरी खाते त्याच्याबरोबर जाते, काही मोडावे लागत नाही.

कागलला गेलेले तिघे कशासाठी गेले, हे आपण विचारले होते का? पगारात हजार-दीड हजाराचा फरक असेलही. पण माझ्याकडे येणारे तरुण ऑपरेटर मला दुसरी गोष्ट सांगतात: घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर बँकेने पगारपत्रक आणि निधीचे खाते विचारले, आणि यांच्याकडे दोन्ही नव्हते.

एकूण खर्च लपवत नाही. निधीचे वर्षाला ६ लाख ८ हजार आणि ईएसआयचे १ लाख ५२ हजार, म्हणजे ७ लाख ६० हजार. पॉलिसींवर आपण ३ लाख ८४ हजार खर्चणार होता, त्याच्या दुपटीला आला. वेळेत भरलेला हा खर्च नफ्यातून वजा होतो, त्यामुळे कर धरून आपल्यावरचा बोजा थोडा कमी होईल. उरलेला भाग जॉबवर्कच्या दरात मागावा लागेल. फाउंड्रीवाल्यांशी बोलणी करताना हा आकडा घेऊन बसा. नियमात चालणारा पुरवठादार त्यांनाही हवा असतो, कारण त्यांच्या मोठ्या ग्राहकांकडून तशी विचारणा होते.

आता थकबाकीबद्दल. आजची तारीख टाकून नोंदणी करा आणि मागचे विसरा, असा सल्ला आपल्याला मिळेल. तो घेऊ नका. जुने हजेरीपट, बँकेतून दिलेले पगार आणि आयकर विवरणपत्रांतील वेतनखर्च यांवरून खरी तारीख काही तासांत काढता येते. कामगार कायद्याच्या सल्लागाराला आणि सनदी लेखापालाला एकत्र बसवा आणि स्वतःहून कोल्हापूरच्या भविष्य निधी कार्यालयात जा. राहून गेलेल्या कामगारांची नोंद करण्यासाठी सरकारने २०१७ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये सवलतीच्या योजना काढल्या होत्या, ज्यांत न कापलेला कामगाराचा हिस्सा माफ होता आणि दंड नाममात्र होता. अशी योजना आज खुली आहे का, हा सल्लागाराला विचारायचा पहिला प्रश्न. नसेल तर हप्त्यांची विनंती करता येते. चौकशी सुरू होण्याआधी गेलेल्या मालकाचे म्हणणे ऐकले जाण्याची शक्यता जास्त असते.

ग्रॅच्युइटीची तरतूदही याच वर्षी सुरू करा. १५,००० वेतनावर सेवेच्या प्रत्येक वर्षाला १५ दिवसांचे वेतन, महिन्याचे २६ दिवस धरून, सुमारे ८,६५० रुपये होतात. १६ जुन्या माणसांचे वर्षाला १ लाख ४० हजारांच्या आसपास. पहिल्या लेथपासून आपल्याबरोबर असलेल्या १८,००० पगाराच्या टर्नरची १४ वर्षे झाली असतील, तर आज त्याचे १ लाख ४५ हजार आपल्याकडे देणे आहे, आणि ते कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. समूह ग्रॅच्युइटी योजनेत दरवर्षी थोडे थोडे भरत जा.

या सगळ्यानंतर आणखी काही द्यायची इच्छा उरलीच, तर पंतप्रधान जीवन ज्योती विम्याचे ४३६ आणि सुरक्षा (अपघात) विम्याचे २० रुपये प्रत्येकाच्या बँक खात्यातून जाऊ द्या आणि ती रक्कम पगारात परत करा. २६ जणांचा वर्षाचा खर्च १२,००० आहे आणि प्रत्येकामागे दोन-दोन लाखांचे छत्र वाढते. जीवन ज्योतीत प्रवेश वयाच्या पन्नाशीपर्यंतच आहे, तेवढे पाहा.

राहिला कामगारांचा विरोध. त्यांच्या हाती येणारे पैसे महिन्याला १,९०० रुपयांनी कमी होणार आहेत, आणि सोसायटीचे हप्ते, भिशी आणि मुलांची फी त्याच पगारातून जाते. तेव्हा त्यांचे 'नको' समजण्यासारखे आहे. मालकाचा हिस्सा त्यांच्या पगारातून कापायचा विचारही करू नका. या वर्षीची पगारवाढ ज्या महिन्यात कपात सुरू होईल त्याच महिन्यापासून द्या, म्हणजे पहिला धक्का निम्म्यावर येईल. शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सर्वांना अर्धा तास थांबवून एका माणसाचा हिशेब फळ्यावर मांडा: त्याचे १,८००, आपले १,९५०, सव्वापाच लाखांचा विमा, आई-वडिलांचे औषधपाणी. लग्नासाठी किंवा आजारपणासाठी आपल्याकडून उचल मागणाऱ्याला निधीतून पैसे काढता येतात, हेही तेव्हाच सांगा. मग नामनिर्देशनाचे अर्ज तिथेच भरून घ्या. प्रत्येकाच्या पत्नीचे नाव आणि जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे लिहिली आहे ना, हे स्वतः तपासा, कारण मृत्यूनंतर अडकणारे बहुतेक दावे याच एका रकान्यात अडकतात.