वाचकांची विचारणा : ऑटोमॅटिक ट्रकची फ्लेक्सप्लेट पुन्हा पुन्हा का चिरते?

प्रश्न : माझ्याकडे डबल कॅबिनचा डिझेल पिकअप ट्रक असून त्याला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे. आंब्याच्या हंगामात देवगडहून फोंडा घाटाने कोल्हापूरला पेट्या नेण्यासाठी तो वापरतो. गेल्या पावसाळ्यात गिअरबॉक्सच्या पुढच्या सीलमधून तेल गळू लागले, म्हणून गिअरबॉक्स उतरवावा लागला. सुटे भाग येईपर्यंत गाडी महिनाभर तशीच शेडमध्ये उभी होती. जोडणीनंतर न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी गाडी थरथरू लागली आणि दिवाळीच्या सुमारास खालून ठकठक आवाज सुरू झाला. गॅरेजमध्ये फ्लेक्सप्लेट, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली पातळ चकती, चिरलेली आढळली, ती बदलली. पाच महिन्यांत तोच आवाज परत आला असून, सेल्फ काढून त्या जागेतून पाहिले असता नवी प्लेटही फिरताना पुढे-मागे डगमगताना दिसते. आता एक मिस्त्री तिसरी प्लेट घालायला सांगतो, दुसरा टॉर्क कन्व्हर्टर (तेलाच्या साहाय्याने इंजिनाची ताकद गिअरबॉक्सकडे नेणारा भाग) बदलायला सांगतो आणि तिसरा म्हणतो की बेअरिंग गेले आहे, इंजिन उघडा. काय करावे?
— एक बागायतदार, देवगड

उत्तर : मोजमाप झाल्याशिवाय या तिघांपैकी कोणाचेही ऐकू नये, अशी आपल्याला कळकळीची विनंती आहे. पहिली प्लेट चिरली तेव्हा प्लेटवर संशय घेणे समजण्यासारखे होते; परंतु नवी प्लेटही काही महिन्यांत त्याच वाटेने जात असेल, तर दोष प्लेट जिथे बसते किंवा जिला जोडली जाते तिथे आहे, असे धरूनच तपास सुरू करावा. आपल्या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे थरथर गिअरबॉक्स उतरवून पुन्हा चढवल्यानंतर सुरू झाली. त्याआधी ती नव्हती.

फ्लेक्सप्लेट ही पोलादी पत्र्याची साधारण ३ मिलिमीटर जाडीची चकती असते. तिचा मधला भाग क्रँकशाफ्टच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) फ्लँजवर, म्हणजे टोकाच्या सपाट गोल भागावर, बोल्टने आवळलेला असतो, बाहेरच्या भागाला टॉर्क कन्व्हर्टर जोडलेला असतो आणि कडेला सेल्फचा रिंग गिअर असतो. उष्णतेने आणि तेलाच्या दाबाने कन्व्हर्टर किंचित फुगतो व पुढे-मागे सरकतो. ती हालचाल सोसता यावी म्हणूनच ही प्लेट मुद्दाम पातळ आणि लवचीक ठेवलेली असते. त्यामुळे कडेला थोडीशी डगमग दिसणे हा दोष नव्हे. मात्र प्रत्येक फेऱ्याला पत्रा त्याच ठिकाणी वाकत राहिला, तर तार मागे-पुढे वाकवून तोडावी तसा तो फ्लँजच्या बोल्टांभोवती चिरतो. न्यूट्रलमध्ये रेस दिली तरी गाडी थरथरते हे आपण लिहिलेच आहे, त्यामुळे चाके आणि प्रोपेलर शाफ्ट संशयातून वगळता येतात.

प्रथम बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी, चाकांना ओट (ठोकळा) लावावी, गिअर न्यूट्रलमध्ये ठेवावा आणि सेल्फच्या जागेतून डायल गेजचे (सूक्ष्म हालचाल मोजणाऱ्या काटेरी तबकडीच्या साधनाचे) टोक रिंग गिअरच्या आतल्या सपाट पत्र्यावर टेकवावे. क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून इंजिन त्याच्या नेहमीच्या दिशेने हळूहळू फिरवावे. क्रँकशाफ्ट स्वतःही लांबीच्या दिशेने किंचित सरकतो, अनेक इंजिनांत ०.१ ते ०.३ मिलिमीटर, म्हणून प्रत्येक माप घेताना पुली एकाच बाजूला दाबून धरावी, नाहीतर ती हालचाल प्लेटच्या नावावर जमा होते. प्लेटवर खडूने आठ खुणा करून प्रत्येक खुणेचे माप कागदावर लिहावे. गॅरेजमध्ये हा कागद सहसा कोणी करत नाही आणि पैसे इथेच वाया जातात. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल माप एकमेकांच्या बरोबर समोर येत असेल आणि मधली मापे सावकाश बदलत असतील, तर प्लेट सरळ आहे पण तिरकी बसली आहे. एखाद्याच खुणेपाशी माप उसळत असेल, तर प्लेट तिथे वाकली आहे.

त्यानंतर कन्व्हर्टरचे बोल्ट एकेक करून काढावेत, कन्व्हर्टर गिअरबॉक्सच्या बाजूला मागे ढकलावा आणि तीच आठ मापे पुन्हा घ्यावीत. माझ्या मते संपूर्ण तपासातील निर्णायक पायरी हीच आहे. प्लेट आता सरळ फिरू लागली, तर तिला कन्व्हर्टर ओढत होता. अशा वेळी कन्व्हर्टर आणि प्लेट यांच्यातील फट मोजावी. बहुतेक गाड्यांत ती ३ ते ५ मिलिमीटर असते, अचूक आकडा गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये मिळतो. फटच उरली नसेल, तर कन्व्हर्टर तेलपंपाच्या खाचांत पूर्ण बसलेला नाही आणि तो क्रँकशाफ्टला पुढे रेटत असणार. मग क्रँकशाफ्टचे पुढे-मागे सरकणे रोखणारे थ्रस्ट बेअरिंगही मोजून घ्यावे. फट योग्य असूनही कन्व्हर्टर हाताने पुढे सरकत नसेल, तर त्याचे नाक क्रँकशाफ्टच्या मागच्या भोकात गंजामुळे अडते आहे. खाऱ्या हवेत महिनाभर उघड्या राहिलेल्या भोकात असा गंज धरणे अगदी शक्य आहे. त्या स्थितीत बोल्ट आवळले की कन्व्हर्टर पुढे येण्याऐवजी प्लेटच मागे ओढली जाते.

बोल्ट काढूनही प्लेट तिरकीच फिरत असेल, तर गिअरबॉक्स उतरवावा लागेल. प्लेट काढून क्रँकशाफ्टच्या फ्लँजवर डायल गेज लावावे. इथे अगदी लहान चूकही मोठी होते. फ्लँज ८० मिलिमीटरचा आणि प्लेट ३२० मिलिमीटरची असेल, तर फ्लँजच्या कडेखाली अडकलेला ०.१ मिलिमीटरचा गंजाचा कण प्लेटच्या कडेला ०.४ मिलिमीटरची डगमग निर्माण करतो. गंज बारीक ऑइलस्टोनने (धार लावायच्या दगडाने) हलक्या हाताने काढावा. कानस अजिबात लावू नये आणि मागच्या ऑइल सीलजवळ पॉलिश पेपरची भुकटी पडू देऊ नये. प्लेटच्या पुढे किंवा मागे बसणारी चकती, म्हणजे स्पेसर, आपल्या मॉडेलमध्ये आहे का आणि ती योग्य बाजूने घातली आहे का, हे मॅन्युअलमधील चित्राशी ताडून पाहावे.

गिअरबॉक्स खाली असतानाच इंजिन आणि बेल हाऊसिंग (गिअरबॉक्सचे इंजिनाला टेकणारे पुढचे कवच) यांच्यामधील दोन डॉवेल पिना, म्हणजे दोन्ही भाग अचूक जुळवणाऱ्या खुंट्या, हाताने चाचपून पाहाव्यात, कारण त्या गंजून अडकलेल्या असल्या की उतरवताना ठोकून काढल्या जातात आणि परत घालायच्या राहून जातात. डॉवेल नसेल तर गिअरबॉक्सचा अक्ष क्रँकशाफ्टच्या अक्षापासून सरकतो. प्लेट एकटी फिरवली तर सरळच दिसते, पण कन्व्हर्टर जोडल्यावर प्रत्येक फेऱ्याला ती मुरडते आणि काही महिन्यांत चिरते. मला आपल्या गाडीत डॉवेल आणि गंज या दोन गोष्टींचाच अधिक संशय येतो. जोडताना बेल हाऊसिंग हाताच्या जोराने इंजिनला पूर्ण टेकले पाहिजे. ते टेकत नसताना बोल्ट आवळून ओढून घेणे म्हणजे कन्व्हर्टर आणि पंप दोन्ही धोक्यात घालणे आहे.

उतरवलेल्या प्लेटवरील चीर डोळ्यांना दिसत नसेल, तर प्लेट रॉकेलने पुसून कोरडी करावी आणि वर खडूची पूड फासावी. चिरेत शिरलेले रॉकेल थोड्या वेळाने पांढऱ्या पुडीवर रेघ उमटवते. बोल्टांभोवती तांबूस भुकटी दिसली, तर तिथे धातू धातूवर घासत होता असे समजावे. चिरलेली प्लेट वेल्डिंग करून पुन्हा वापरू नये. नव्या प्लेटबरोबर फ्लँजचे बोल्टही नवे घ्यावेत आणि ते टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणाऱ्या पान्याने), समोरासमोरच्या जोड्या करून, मॅन्युअलमधील आकड्यानुसार आवळावेत.

इंजिन उघडण्याविषयी सांगायचे, तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा आवाज आणि चिरलेल्या प्लेटचा आवाज कानाला फार सारखा वाटतो. हँडब्रेक ओढून व ब्रेक दाबून गाडी डीमध्ये (ड्राइव्हमध्ये) घेतल्यावर ठकठक बदलते किंवा थांबते का ते पाहावे, आणि कन्व्हर्टरचे बोल्ट काढलेले असताना इंजिन अगदी थोडा वेळ चालवून आवाज ऐकावा. आवाज तेव्हा गेला, तर इंजिनाला हात लावू नये.

प्रश्न : आमच्या मालवाहू ट्रकलाही क्लच पेडल नाही. त्यातही फ्लेक्सप्लेट तपासावी का?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : आपल्याकडील क्लच पेडल नसलेल्या बऱ्याच मालवाहू गाड्यांत एएमटी असते, म्हणजे साधाच गिअरबॉक्स आणि साधाच क्लच, फक्त तो संगणकाच्या आज्ञेने हलतो. तिथे फ्लेक्सप्लेट नसून फ्लायव्हील, म्हणजे जाड व जड चाक, असते, त्यामुळे वरील तपास लागू पडत नाही. थरथर असल्यास क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हील पाहावे लागते. गिअरबॉक्समधून तेलाच्या दोन नळ्या रेडिएटरकडे किंवा कूलरकडे जात असतील, तर बहुधा टॉर्क कन्व्हर्टर आहे. तरीही गाडीच्या पुस्तिकेतील गिअरबॉक्सचा प्रकार वाचून मगच काम सुरू करावे.