आईच्या जुन्या सुती साडीचा कुर्ता दोन धुण्यांत काखेत फाटतो. काय चुकतंय?

तुम्ही लिहिलंय की धुळ्यात दोन वेगळ्या शिंप्यांकडे शिवून पाहिला आणि दोन्ही वेळा काखेतच गेला. नीट बघा, शिवण उसवलेली नसेल. शिवणीला लागून कापड चिरलं असेल. दोरा पॉलिस्टरचा, कापड वीस वर्षांचं. ताण आला की दोरा राहतो आणि कापड जातं. म्हणून आधी दोरा सुती घ्या. तो तुटला तर पुन्हा टीप मारता येते, चिरलेल्या कापडाला इलाज नाही.

दुसरी चूक बेतण्यातली. शिंपी साडी ताग्यासारखी घडी घालून कापतो, पण जुनी साडी सगळीकडे सारखी जुनी नसते. ती जमिनीवर पूर्ण उलगडा. खोचायच्या टोकाकडचा सव्वा मीटर कमरेभोवती बसतो. उठून-बसून तिथलं सूत विरलेलं असतं. त्यापुढचा निऱ्यांचा सव्वा-दीड मीटर सगळ्यात धडधाकट. पुढचा आणि मागचा भाग त्यातूनच काढा, प्रत्येकी 24 इंच रुंद. बाह्या निऱ्या आणि पदर यांच्या मधल्या भागातून. पदराकडे खांद्याच्या पिनेची भोकं असतात, ती टाळा.

आता काठ. सगळे खालचा काठ घेराला लावतात, आणि तोच जमिनीला घासलेला, फॉलच्या टाक्यांनी टोचलेला असतो. साडी उलटी धरा: कमरेत खोचला जाणारा वरचा काठ घेराला घ्या. साडीची रुंदी साधारण 45 इंच. खालची चार बोटं कापून टाकली तरी 41-42 इंच उंची मिळते, कुर्त्याला पुरे.

कापण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. जुनी खळ घडीत राहिली की कापड घडीवरच चिरतं. वाळल्यावर उजेडासमोर धरा, मग दोन अंगठे इंचभर अंतरावर ठेवून उभं-आडवं ओढा. धागे सरकले किंवा 'चर्र' झालं तर तो भाग सोडा.

शिंप्याला हे सांगा: छातीच्या मापाला 5 इंच सैल, माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) 1 इंच, 11 नंबरची सुई, टाका 3 मिमी. बारीक टीप टिकते, हे नव्या कापडाचं गणित. विरलेल्या कापडात ती फाडायच्या पावतीवरच्या भोकांसारखी, ओढलं की सरळ रेषेत सुटते. काख खाली उतरवू नका, हात वर करताना ताण उलट वाढतो. काखेत 3 बाय 3 इंचाचा चौकोनी तुकडा तिरपा बसवा. गळ्याला बकरम नको, कडक कडेशी मऊ कापड तुटतं. उरेप पट्टी, म्हणजे तिरपी कापलेली पट्टी, लावा.

अस्तराची गंमत अशी की नवं मलमल पहिल्या धुण्यात आटतं, साडी आटत नाही, आणि सगळा कुर्ता चुण्या पडून ओढला जातो. घरात जुनं धोतर किंवा सुती परकर असेल तर तेच वापरा, ते आटायचं तेवढं आटून झालेलं असतं. तेही फक्त कमरेपर्यंत. जळगाव-भुसावळच्या मे महिन्यात पूर्ण अस्तर घालवत नाही. आणि साडी वाचवायला निघून लेस, लटकन, तीन मीटर अस्तर विकत आणणार असाल, तर ती सरळ बोहारणीला द्या, निदान एक पातेलं तरी येईल.

जरीची जुनी रेशमी साडी या भानगडीत घालू नका. रेशीम घडीवर तुटतं, जर टोचते. तिची उशीची खोळ बरी.

उरलेला कमरेचा विरका भाग गोधडीच्या आतल्या थराला जाऊ द्या, तिथे त्याच्यावर ताण येत नाही. कुर्ता हाताने धुवा, पिळू नका, आणि गच्चीवरच्या उन्हाऐवजी सावलीत उलटा करून वाळवा.