केटामाइनने खराब झालेली लघवीची पिशवी पुन्हा बरी होते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्याहून घरी आलेला 23 वर्षांचा भाऊ दर वीस मिनिटांनी लघवीला पळतो, मधूनच रक्त जातं, आणि पार्ट्यांमध्ये नशेसाठी केटामाइन (मुळात भुलीचं औषध) घ्यायचो हे त्याने फक्त तुम्हाला सांगितलंय.

मी डॉक्टर नाही, भुसावळला पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. आपल्याकडे मे महिन्यात जळजळ म्हटली की निदान घरातच ठरलेलं असतं: उन्हाळी लागली. मग धणे-जिऱ्याचं पाणी, सब्जा, फार तर मुतखड्याची शंका. मागच्या उन्हाळ्यात असाच एक पोरगा आईबरोबर यायचा. नंबर लागेपर्यंत चारदा बाथरूमला जाऊन आला, आणि बाटलीत काय, तर बोटभर लालसर लघवी. मायक्रोस्कोपखाली पू-पेशी, रक्तपेशी भरपूर. कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ही तपासणी, तीनदा लावलं, तिन्ही वेळा जंतू नाहीत. तरी अँटिबायोटिक चालूच! आई म्हणायची, "उन्हाळी लागनी भो त्याले." पोरगा मान खाली घालून बसलेला. केटामाइनचं त्याने पुढे यूरॉलॉजिस्टकडे (लघवीच्या आजारांचे डॉक्टर) कबूल केलं, तेही आईला बाहेर पाठवल्यावर.

केटामाइन आणि शरीरात त्यापासून बनणारे पदार्थ लघवीवाटे बाहेर पडतात, ते पिशवीचं अस्तर सोलून काढतात. टोरांटोच्या डॉक्टरांनी 2007 मध्ये असे 9 रुग्ण नोंदवले होते. एरवी 400-500 मिली मावणारी पिशवी आक्रसून 100 मिलीच्या आत येऊ शकते, म्हणजे टपरीवरचा एक कटिंग. (ऑपरेशनच्या वेळी भुलीसाठी दिलेल्या केटामाइनला घाबरू नका, ही गत वारंवार ओढणाऱ्यांची.)

आता तुमचा प्रश्न. लवकर आणि पूर्ण बंद केलं तर पुष्कळांना आराम पडतो. पिशवी कडक होऊन बसली तर आतड्याचा तुकडा जोडून ती मोठी करायची वेळ येते. किडन्याही फुगू शकतात, म्हणून सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीसाठीची रक्ततपासणी) आत्ताच करा. ताप आला किंवा लघवी तुंबली तर थेट दवाखाना. पेच असा की केटामाइननेच दुखणं बधिर होतं, त्यामुळे दुखणारा माणूस पुन्हा तेच घेतो. त्याला एकट्याला सोडू नका, व्यसनमुक्तीसाठी 14446 हा टोल-फ्री नंबर आहे.

यूरॉलॉजिस्टला केटामाइनचं नाव घेऊनच सांगा. आणि जाताना तीन दिवसांची नोंद न्या, किती वाजता, किती मिली. घरातला एखादा मापाचा ग्लास त्याच्यासाठी वेगळा काढून ठेवा.