आक्रमक गोगलगाय म्हणे!

प्रश्न असा आलाय की 'इन्व्हेसिव्ह स्नेल'ला, म्हणजे परक्या मुलखातून येऊन पसरणाऱ्या गोगलगायीला, मराठीत आक्रमक गोगलगाय म्हणायचं का, आणि जेनेटिक्स वापरून तिचं 'ओरिजिन' शोधतात त्याला उगम म्हणायचं की मूळ.

पहिल्याचं उत्तर, नाही. हे आक्रमक आक्रमक ऐकून कान किटले. आक्रमक बॅट्समन असतो, आक्रमक विरोधी पक्ष असतो, पाच मिलिमीटरची गोगलगाय कुणावर चाल करून जाणार? ती कुणाच्या तरी बुटाला नाहीतर मत्स्यालयातल्या झाडांना चिकटून येते आणि मग जायचं नाव घेत नाही. उपरी म्हणा, घुसखोर म्हणा. यावर कुणीतरी हमखास सुनावतं की आक्रमणातला क्रम् हा संस्कृत धातू म्हणजे पाऊल टाकणं, त्यामुळे आक्रमकच बरोबर. अहो, फोड करूनच अर्थ ठरवायचा तर गोगलगायीने दूध द्यायला हवं. ('आक्रमक प्रजाती'तली प्रजातीसुद्धा हिंदीच्या वळणाची, आपल्या शाळेच्या पुस्तकात स्पीशीज म्हणजे जाती आणि जीनस म्हणजे प्रजाती होतं, पण ते भांडण पुन्हा कधीतरी.)

आता दुसरं. उगम नदीचा, मूळ झाडाचं. इथे शब्द हवा तो माहेर! हसू नका. हा शोध बहुतेक वेळा पेशीतल्या तंतुकणिकांच्या (मायटोकॉन्ड्रियाच्या) डीएनएवरून सुरू होतो, आणि तो डीएनए गोगलगायीत काय नि आपल्यात काय, आईकडूनच येतो. त्यातला एक छोटा तुकडा वाचायचा, ठिकठिकाणच्या गोगलगायींशी ताडायचा आणि कुठल्या पाण्यातल्यांशी जुळतो ते बघायचं. आता माहेर बघा. संस्कृतातलं मातृगृह, प्राकृतात माइहर, आपलं माहेर. आईचं घर! म्हणजे ही मंडळी लॅबमध्ये बसून अक्षरशः माहेर शोधतायत आणि आपण त्याला 'जनुकीय उगम' असलं काहीतरी कोरडं नाव देतोय. एका व्याख्यानात एका विद्वानांनी माहेरची फोड 'मा' अधिक 'हेर', म्हणजे आईची खबर आणणारं घर, अशी केलेली मी या कानांनी ऐकलीय. टाळ्याही पडल्या. मधलं प्राकृत गाळलं की काहीही सिद्ध होतं.

न्यूझीलंडची चिखलगोगलगाय घ्या. ब्रिटनमध्ये टेम्स नदीच्या मुखाजवळ ती सापडली आणि १८८९ साली स्मिथ नावाच्या शास्त्रज्ञाने तिला नवीन जाती समजून नाव देऊन टाकलं. प्रत्यक्षात ग्रे नावाच्या दुसऱ्या शास्त्रज्ञाने तिला १८४३ मध्येच न्यूझीलंडची म्हणून नाव दिलेलं होतं. पुढे शरीररचनेवरून आणि मग डीएनएवरून नक्की झालं की दोन्ही एकच. गंमत म्हणजे युरोपातल्या गोगलगायींमध्ये या डीएनएच्या दोनच तऱ्हा मिळाल्या, न्यूझीलंडमध्ये मात्र ढिगाने. जिथे तऱ्हा जास्त तिथे माहेर, कारण बाहेर पडताना दोनचार जणीच पडतात. आणि या बाहेर पडलेल्या जवळजवळ सगळ्या माद्याच, नराशिवाय पिल्लं होतात, त्यामुळे एक जरी पोचली तरी वसाहत उभी. यांना माहेर आहे, सासरच नाही!

त्याहून भारी फायसा अक्युटा नावाची गोगलगाय. शंख डाव्या बाजूला उघडणारा. १८०५ साली द्रापार्नो नावाच्या शास्त्रज्ञाने फ्रान्समध्ये तिचं वर्णन केलं म्हणून जवळजवळ दोनशे वर्षं ती युरोपची समजली गेली, आणि अमेरिकेत तिचीच भावंडं वेगवेगळ्या नावांनी नांदत होती. २००२ मध्ये त्यांचं एकमेकांशी प्रजनन करून पाहिलं तर सगळी एकच जाती निघाली, आणि माहेर उत्तर अमेरिका. आमच्या काही कोशवाल्यांनी हे दोनदा वाचावं. पहिली नोंद जिथे सापडली तिथेच शब्द जन्मला असं धरून चालतात ते. अहो, चावी पोर्तुगीजांकडून आली, ती जुन्या मराठी कागदात दिसली म्हणून मराठी जन्माची होते का?

एका जीवशास्त्रवाल्या मित्राचं म्हणणं की माहेरावर इतकं भाळू नकोस, आईकडचा डीएनए अर्धीच गोष्ट सांगतो. त्याचं उदाहरण अॅपल स्नेलचं. दक्षिण अमेरिकेतली ही गोगलगाय १९८०च्या सुमारास खाण्यासाठी म्हणून तैवानला नेली, मग ती आशियाभर भातशेतीत शिरली. सगळ्या एकच समजायचे, २००८च्या डीएनए अभ्यासात किमान चार जाती निघाल्या, त्यातल्या दोन सगळ्यात जास्त पसरलेल्या, आणि अर्जेंटिना, ब्राझील अशा ठिकाणांहून एकापेक्षा जास्त खेपांनी आलेल्या. वर त्या दोघींचा आपसात संकरही झालेला, म्हणजे आईकडून एक, बापाकडून दुसरीच. तिथे पेशीच्या केंद्रकातली, आईबाप दोघांकडून येणारी जनुकंही वाचावी लागतात. बरं, मान्य, मग माहेरासोबत सासरही शोधा. शब्द माझाच राहिला ना!

आणि हो, अनेकवचन गोगलगायी. गोगलगाया नाही.