पोर्तुगालच्या पश्चिम किनाऱ्यावर गर्दी नसलेल्या सर्फिंगच्या किनाऱ्यावर कसं जायचं आणि काय सांभाळायचं?

तुमचा प्रश्न असा: सप्टेंबरच्या अखेरीस दोघं आल्गार्वला, म्हणजे पोर्तुगालच्या दक्षिण टोकाच्या प्रांतात जाताय, गोव्यात सर्फिंगचे चार धडे झालेत, पोहता चांगलं येतं आणि हॉटेलं-छत्र्यांची रांग नसलेला, उघड्या अटलांटिकवरचा किनारा हवाय. माझ्या मते तुम्ही कोर्दोआमाला जा. विला दो बिश्पो गावाच्या पश्चिमेला, काळ्या कड्यांच्या पायथ्याशी हा किनारा आहे. मात्र तिथला दिवस आखताना सगळ्यात आधी भरती-ओहोटीची वेळ बघा. हॉटेल, गाडी, जेवण यांचं नंतर ठरवता येतं.

कारण सांगतो. ओहोटीला कोर्दोआमा आणि दक्षिणेचा कास्तेलेजो मिळून वाळूचा एक लांबलचक पट्टा होतो, इकडून तिकडे आरामात चालत जाता येतं. पूर्ण भरतीला त्याच पट्ट्यावर बऱ्याच ठिकाणी पाणी थेट कड्याला भिडतं. मालवण-गोव्याकडे उधाणालाही भरती-ओहोटीतला फरक साधारण दोन-सव्वादोन मीटर असतो. इथे भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या लहान भरतीला, सव्वा-दीड मीटर, पण उधाणाला तीन मीटरच्या वर. आणि तुम्ही जाताय ते दिवस विषुवदिनाच्या आसपासचे, म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मोठ्या उधाणांचे, तेव्हा साडेतीन मीटरही होतो.

पाणी चढतंही एकसारखं नाही. ओहोटी संपल्यावर पहिल्या तासात एकूण फरकाचा बारावा भाग चढतो, दुसऱ्यात दोन भाग, तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी तीन, मग पुन्हा दोन आणि एक. म्हणजे तीन मीटरच्या भरतीत तिसऱ्या तासाला पाऊण मीटर पाणी वाढतं. वाळूचा उतार पन्नासाला एक धरला, तर त्या एका तासात समुद्र जवळजवळ ३७ मीटर आत येतो. पहिल्या तासात फारसं काही हलत नाही, म्हणून माणूस निर्धास्त होतो आणि कोपऱ्यापलीकडच्या वाळूवर अडकतो.

कोकणातला तिथीचा हिशेब, तिथीला तीन-चतुर्थांशाने गुणून भरतीची वेळ काढायचा, तिथे चालत नाही. आपल्याकडे अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी बारा-साडेबाराच्या सुमारास असते. या किनाऱ्यावर त्या दिवशी भरती साधारण तीन-चारला आणि ओहोटी सकाळी नऊ-दहाला. अष्टमीच्या आसपास बरोबर उलट. याचा तुम्हाला फायदाच आहे, कारण सकाळी वारा कमी असतो आणि उधाणाच्या दिवसांत ओहोटीही सकाळीच येते. नेमकी वेळ पोर्तुगालच्या जलसर्वेक्षण संस्थेच्या म्हणजे इन्श्तितुतो इद्रोग्राफिकोच्या तक्त्यात लागोश किंवा साग्रेश या जवळच्या गावांच्या नावाखाली मिळते. तक्ता स्थानिक वेळेत आहे की ग्रीनिच वेळेत, ते आधी बघा. सप्टेंबरमध्ये तिथलं घड्याळ ग्रीनिचच्या एक तास पुढे असतं आणि तेवढ्या तासात काय होतं ते वर लिहिलंच आहे.

माझा नियम सोपा आहे: ओहोटीच्या दोन तास आधी किनाऱ्यावर उतरायचं आणि ओहोटीनंतर दीड तासाने, कुठेही असलो तरी, गाडीच्या दिशेने चालू लागायचं. उत्तरेला बारिगाच्या वाळूकडे जायचा मोह होतो. मधलं खडकाचं टोक ओलांडायचं असेल तर पाणी उतरत असतानाच ओलांडा, चढत असताना कधीही नाही.

पोचायचं कसं: फारो विमानतळापासून विला दो बिश्पो सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. ए-२२ महामार्गाने लागोशपर्यंत आणि पुढे एन-१२५ ने. ए-२२ चा टोल १ जानेवारी २०२५ पासून बंद झाला आहे. रेल्वे लागोशलाच संपते. लागोश-साग्रेश बस विला दो बिश्पोवरून जाते, पण गाव ते किनारा हे चार-पाच किलोमीटर तुमचं तुम्हालाच काटायचे आणि परतताना चढ. बोर्ड घेऊन हे जमणार नाही, गाडीच भाड्याने घ्या. आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना आणि मूळ लायसन्स, दोन्ही जवळ ठेवा. गावातून कास्तेलेजोचा रस्ता धरला की वाटेत उजवीकडे कोर्दोआमाचा फाटा लागतो. रस्ता अरुंद आहे, समोरून गाडी आली की एकाला मागे घ्यावी लागते.

बोर्ड गाडीच्या टपावर बांधताना फिन, म्हणजे बोर्डाखालचे पर, पुढच्या बाजूला आणि वर. पट्टे दोन हवेत, आणि प्रत्येक पट्ट्याला एक पीळ द्या, नाहीतर वाऱ्यात तो सारखा गुणगुणतो आणि हळूहळू सैल पडतो. तुमच्या अनुभवाला आठ फुटी मऊ फोमचा बोर्ड योग्य. भाड्याने साग्रेशला मिळतो.

गाडीतून उतरल्यावर लगेच खाली पळू नका. वरूनच वीस मिनिटं समुद्र बघा, घड्याळ लावून. लांबून आलेल्या लाटा गटाने येतात: पाच-सात मोठ्या, मग दहा-पंधरा मिनिटं जवळजवळ शांतता. त्या शांततेत पोचलेल्या माणसाला समुद्र गरीब वाटतो, तो आत शिरतो आणि पुढचा गट डोक्यावर फुटतो. हवामानाच्या अंदाजात लाटेची उंची सगळे बघतात, दोन लाटांमधले सेकंद फार थोडे बघतात. लाटा दर सेकंदाला आणतात ती ऊर्जा उंचीच्या वर्गाने आणि या सेकंदांच्या प्रमाणात वाढते. एक मीटर आणि आठ सेकंद ही एक गोष्ट, एक मीटर आणि सोळा सेकंद म्हणजे दुप्पट, आणि दोन मीटर सोळा सेकंद म्हणजे आठपट. चार धड्यांच्या अनुभवावर एक मीटरपर्यंत आणि दहा सेकंदांच्या आत असेल तरच पाण्यात जा. दीड मीटर आणि बारा सेकंदांच्या वर असेल तर कड्यावरून बघा, तेही पोट भरून बघण्यासारखं असतं.

मग दिवस वाया गेला का? मुळीच नाही. विला दो बिश्पो हे दोन किनाऱ्यांच्या कोपऱ्यात आहे. पश्चिमेला समुद्र खवळलेला असतो तेव्हा थोड्याच अंतरावर दक्षिणेकडे तोंड असलेल्या झाविआलला बऱ्याचदा लहान, नीट लाट मिळते. उत्तरेचा वारा सुटला असेल तर साग्रेशजवळ बेलिशेला कड्याची आड मिळते. तिथे खूप पायऱ्या उतराव्या लागतात. हा उत्तरेचा वारा, तिथले लोक त्याला नॉर्ताडा म्हणतात, उन्हाळ्यात दुपारनंतर जोरात वाहतो. तोच किनाऱ्यालगतचं वरचं पाणी लोटून देतो आणि खालचं गार पाणी वर येतं. म्हणून ऑगस्टमध्येसुद्धा इथे पाणी १६ ते १९ अंश असू शकतं. कोकणातल्या २८ अंशांच्या सवयीला हे फार गार आहे. तीन-दोनचा, म्हणजे अंगाला तीन आणि हातापायांना दोन मिलिमीटर जाडीचा वेटसूट (अंगाला घट्ट बसणारा रबरी पोशाख) किमान हवा, थंडी लवकर वाजत असेल तर चार-तीनचा घ्या. मानेशी आणि मनगटाशी बोट शिरेल एवढीही फट नको, पाणी आत-बाहेर करत राहिलं तर सूट घालून उपयोग नाही. तासाभराने बाहेर या. दात वाजायला लागले म्हणजे उशीर झाला, हात तेव्हा नीट वल्हवत नाहीत.

आत ओढणारा प्रवाह ओळखायला शिका. पोर्तुगीजमध्ये त्याला अग्वेइरो म्हणतात. वरून बघताना दोन पांढऱ्या फेसाच्या पट्ट्यांमध्ये एक गडद, शांत दिसणारी वाट असते, लाट तिथे फुटत नाही, आणि फेसाचे तुकडे त्या वाटेने समुद्राकडे सरकत असतात. पोहणाऱ्याला तीच वाट सोपी वाटते. खडकाच्या टोकालगत तर हा प्रवाह जवळजवळ कायमचाच असतो, म्हणून टोकांपासून दूर राहा. अडकलात तर किनाऱ्याकडे सरळ पोहू नका. आडवे, किनाऱ्याला समांतर, जिथे लाटा फुटताहेत तिकडे जा. बोर्ड कधीही सोडू नका, आणि मदत हवी तर एक हात उंच धरा. हंगामात कोर्दोआमाला जीवरक्षक असतात, पण सप्टेंबरच्या अखेरीस ते नसतील असंच धरून चला. निळ्या-पांढऱ्या चौकटींचा झेंडा म्हणजे त्या वेळी पहारा नाही. आपत्कालीन क्रमांक ११२. कड्याखाली मोबाईलची रेंज बऱ्याचदा नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या आणि हॉटेलवाल्याला किनाऱ्याचं नाव आणि परतायची वेळ सांगून निघा.

आता कडा. हा दगड शिस्टचा, आपल्या जुन्या शाळेतल्या पाटीसारखा, पातळ थरांचा आणि गडद. थर वाकलेले, उभे, तिरपे, आणि मधल्या भेगांत पाणी मुरून ते सुटतात. पायथ्याशी पडलेले तुकडे हातात घेऊन बघा. तुकड्याच्या कडा धारदार, फुटलेली बाजू कोरडी, मधल्या फटींत वाळू नाही, म्हणजे तुकडा ताजा पडलेला आहे. समुद्राने घोळवलेले जुने तुकडे गोल आणि गुळगुळीत असतात. वर कड्यावर त्याच जागी फिकट रंगाची खोक दिसेल. अशा जागी सावली आहे म्हणून टॉवेल अंथरणं जिवावर बेतू शकतं. ऑगस्ट २००९ मध्ये आल्गार्वच्याच दक्षिण किनाऱ्यावर, आल्बुफैराजवळच्या प्राया मारिया लुईझाला कडा कोसळून पाच जण दगावले होते. कड्याच्या उंचीच्या दीडपट अंतर ठेवायचं. आणि वाळू कोरडी कुठे आहे ते बघा: ओल्या वाळूचा गडद रंग आणि शेवाळाची रेघ थेट पायथ्यापर्यंत गेली असेल, तर भरतीला तिथे उभं राहायलाही जागा उरत नाही. सामान तिथे ठेवू नका.

कोर्दोआमाला एक दिवस नीट गेला आणि याहून एकांत हवा असेल, तर दक्षिणेला पोंता रुइवा किंवा उत्तरेला मुरासाँव. दोन्हीकडे मातीचे रस्ते, दुकान नाही, पहारा नाही. पोंता रुइवाला लालसर कड्याखाली उतरायची पायवाट उभी आहे, आणि बोर्ड काखेत असताना वारा तो फिरवतो. बोर्डाचं टोक वाऱ्याच्या तोंडावर धरून उतरा. तिथे पाण्यात दुसरं कोणी नसेल तर शिरू नका. माणशी दोन लिटर पाणी, वारा अडवणारं जाकीट, दोरी आणि मलमपट्टीचं सामान लागतं. गाडीत काहीही दिसेल असं ठेवू नका, निर्जन पार्किंगमध्ये काचा फुटतात. रिमोटची किल्ली पाण्यात नेता येत नाही, म्हणून गाडी घेतानाच साधी किल्ली मिळेल का ते विचारा किंवा कुलपाची छोटी पेटी घ्या.

हा सगळा पट्टा १९९५ पासून निसर्ग उद्यान आहे. गाडीत किंवा तंबूत रात्र काढायला बंदी आहे आणि दंड होतो. खडकांवरचे पेर्सेबेश, म्हणजे नखासारख्या टोकाचे कवचधारी जीव, परवानाधारकच काढतात. लाट मागे सरली की खडकावर उतरून दोन-चार खरवडायचे आणि पुढची लाट यायच्या आत वर यायचं, असं ते काम आहे. आपल्याकडे कालवं काढणाऱ्यांना ज्याने पाहिलंय त्याला त्यातली मेहनत लगेच कळेल. तुम्ही ते गावातल्या खानावळीत खा, मिठाच्या पाण्यात जेमतेम उकळून देतात.

शेवटची गोष्ट पायांची. ओहोटीच्या उथळ पाण्यात पैश-आरान्या नावाचा छोटा मासा वाळूत पाठीचा काटा वर करून पुरलेला असतो. त्यावर पाय पडला तर वेदना भयंकर होते. निओप्रीनचे, म्हणजे वेटसूटच्याच रबराचे बूट घाला आणि उथळ पाण्यात पाय घासत चला. काटा लागलाच तर पाय सोसवेल तितक्या गरम पाण्यात, साधारण ४० ते ४५ अंशांच्या, अर्धा तास तरी बुडवून ठेवा. त्याचं विष उष्णतेने निकामी होतं, बर्फाने नाही. म्हणून गाडीत एक मोठा थर्मास भरून गरम पाणी ठेवा, त्यात थंड पाणी मिसळून अंदाज घ्या आणि आधी हात घालून बघा.