ब्रिटिश अभिनेत्री फ्लॉरेन्स प्यूचं एवढं कौतुक का होतं? तिचे कोणते चित्रपट आधी बघावेत?

तुम्ही लिहिलंय की तिला फक्त 'ओपनहायमर'मध्ये पाहिलंत आणि विशेष काही वाटलं नाही. साहजिक आहे. तिच्याबद्दल मत बनवायला तो चित्रपट मुळातच सोयीचा नाही, आणि भारतात तर अजिबातच नाही. जुलै २०२३मध्ये आपल्याकडे तो लागला तेव्हा एका विवस्त्र प्रसंगात तिच्या अंगावर संगणकाने काळा ड्रेस चढवलेला होता, आणि दुसऱ्या, शय्येवरच्या प्रसंगात गीता आल्यामुळे बाहेर वाद पेटला होता. थिएटरमधून निघताना आमच्या अख्ख्या ग्रुपमध्ये चर्चा काय, तर गीता आणि तो ड्रेस. ओपनहायमरच्या प्रेयसीचं, जीन टॅटलॉकचं, काम करणाऱ्या या मुलीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही, मीसुद्धा नाही. भूमिका इतकी छोटी की दिग्दर्शक नोलननेच त्याबद्दल तिची माफी मागितली होती, असं तिने एका मुलाखतीत सांगितलंय.

नंतर घरी एक दिवस 'लेडी मॅकबेथ' लावला आणि चहा गार झाला.

हा २०१६चा चित्रपट. शेक्सपिअरशी त्याचा फक्त नावापुरता संबंध. मूळ गोष्ट रशियन लेखक लेस्कोव्हची, ती उचलून उत्तर इंग्लंडमधल्या एका खेड्यातल्या वाड्यात नेऊन ठेवली आहे. बजेट जेमतेम ५ लाख पौंड. कॅथरीन नावाच्या मुलीला (हेच प्यूचं काम) जमिनीच्या तुकड्याबरोबर जवळजवळ विकत आणलेलं असतं. तिला घराबाहेर पडायची बंदी, दिवसभर कॉर्सेट आवळून सोफ्यावर बसायचं, डुलकी लागली की सावरायचं. आणि मग तो प्रसंग: बंद दाराआड सासरा तडफडतोय, धडपडीचे आवाज येताहेत, आणि इकडे ही मोलकरणीला समोर बसवून शांतपणे चहा घेते, इकडचं तिकडचं बोलते. चेहऱ्यावर राग नाही, भीती नाही. घरातली कटकट एकदाची मिटतेय, एवढंच. तेव्हा तिचं वय विशीच्या आतबाहेर. मी तो भाग मागे नेऊन तीनदा पाहिला.

तिचा जन्म ३ जानेवारी १९९६चा, ऑक्सफर्डचा. वडिलांची तिथे रेस्टॉरंट्स, आई नृत्य शिकवणारी, मोठा भाऊ टोबी सबॅस्टियनही नट. लहानपणी तिची श्वासनलिका कमकुवत होती, श्वास घेताना आत दबायची. सारख्या हॉस्पिटलच्या वाऱ्या. उबदार हवेसाठी सगळं कुटुंब काही वर्षं स्पेनला जाऊन राहिलं आणि ती सहा वर्षांची झाल्यावर परत आलं. तिचा तो किंचित घोगरा, खालच्या पट्टीतला आवाज त्याच दुखण्याचा, असं ती स्वतः सांगते. मला तर वाटतं तिच्या अभिनयाची निम्मी ताकद त्या आवाजात आणि श्वासातच आहे. ती रडते तेव्हा डोळे नंतर भरतात, आधी श्वास अडकतो.

अभिनयाची कुठली मोठी संस्था वगैरे नाही. शाळेत असतानाच कॅरल मॉर्लीच्या 'द फॉलिंग'मध्ये (२०१४) काम मिळालं. पुढे लॉस एंजेलिसमध्ये एका मालिकेच्या पायलटसाठी, म्हणजे नमुन्याच्या पहिल्या भागासाठी, निवड झाली आणि लगेच फर्माइशी सुरू: वजन कमी कर, भुवया बदल, चेहऱ्याची ठेवण बदल. १९ वर्षांची मुलगी. ती मालिका पुढे गेलीच नाही, आणि सुटलो म्हणायचं! कारण त्यानंतरच 'लेडी मॅकबेथ' वाट्याला आला, ज्यात ती जशी होती तशीच हवी होती.

२०१९ साल तिचंच. कुस्तीपटू पेजवरचा 'फायटिंग विथ माय फॅमिली', मग 'मिडसमार' हा भयपट, मग दिग्दर्शिका ग्रेटा गर्विगचा 'लिटल विमेन'. शेवटच्यासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं, बक्षीस लॉरा डर्नने नेलं. 'लिटल विमेन'मधली तिने केलेली एमी ही लाडावलेली, चिडकी धाकटी बहीण म्हणून वर्षानुवर्षं वाचकांच्या शिव्या खाणारी मुलगी. एका प्रसंगात ती स्टुडिओत लॉरी या शेजारच्या तरुणाला सांगते की बाईला स्वतःचा पैसा नसतो, असला तरी लग्नानंतर तो नवऱ्याचा, मुलंही त्याचीच, तेव्हा लग्न हा माझ्यासाठी पैशाचाच व्यवहार आहे. रडगाणं नाही; किराण्याचा हिशेब सांगावा तसं सांगते. हा मुद्दा चित्रपटात यायला हवा असं मेरिल स्ट्रीपने सुचवलं होतं म्हणे. पण पेलला या पोरीने.

मार्व्हलच्या 'ब्लॅक विडो'तली येलेना तुमच्या घरातल्या मुलांना माहीत असेलच. २०२५च्या 'थंडरबोल्ट्स'साठी ती क्वालालंपूरच्या मर्डेका ११८ या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच इमारतीवरून खरोखर उडी मारून आली, दोरावर अर्थात. चित्रपट मला बरा वाटला, ती उडी जास्त आवडली. 'डोन्ट वरी डार्लिंग' मात्र सोडून दिलात तरी चालेल. त्यात एकटी तीच मन लावून काम करताना दिसते. लॉकडाउनमध्ये इन्स्टाग्रामवर ती स्वयंपाकाचे व्हिडिओ टाकायची, मार्मालेड वगैरे, तेही गमतीदार आहेत.

तर क्रम असा ठेवा: आधी 'लिटल विमेन', घरच्यांबरोबर बघता येतो. मग 'लेडी मॅकबेथ', तो एकट्याने. 'मिडसमार' बघायचाच असेल तर दिवसा बघा, आणि जेवणाचं ताट समोर घेऊन तर अजिबात बसू नका.